पेटाफ्लॉपचे ढोल आणि एक रिकामे व्हेरिएबल

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. खर्च १३० कोटी रुपये. त्याच दिवशी हवामानशास्त्रासाठी पुण्यात ‘अर्का’ आणि नोएडात ‘अरुणिका’ कार्यान्वित झाले. खर्च ८५० कोटी. या प्रगतीचा अभिमान रास्तच आहे. परंतु बातम्यांत पेटाफ्लॉपचे आकडे झळकले, तेव्हा एक प्रश्न कोणीच विचारला नाही: या यंत्रांना आज्ञा कोण देते?

उत्तर अगदी साधे आहे. काम रांगेत लावणारी, निविष्टी फाइल तयार करणारी, जुना विदा पुसणारी बहुतेक सूत्रे शेल स्क्रिप्टच्या हाती असतात. ही स्क्रिप्ट बहुधा एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला वरिष्ठाकडून वारशाने मिळालेली असते. ती कोणी वाचत नाही, तपासत नाही, प्रबंधाला जोडत नाही. समीकरणातील एक ऋणचिन्ह चुकले तर परीक्षक धारेवर धरतात. स्क्रिप्टमधील अवतरणचिन्ह गळले तर त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

याची किंमत काल्पनिक नाही. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरील सुमारे ७७ टेराबाइट विदा, म्हणजे जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली, पुसल्या गेल्या. १४ संशोधनगटांना फटका बसला. कोणी घुसखोर आला नव्हता. जुन्या नोंदी पुसणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर सुधारित प्रत लिहिली गेली. शेलने मधूनच नवा मजकूर वाचला, एका व्हेरिएबलला मूल्यच उरले नाही आणि नोंदींऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या गेल्या. जानेवारी २०१५ मध्ये उघडकीस आलेला ‘स्टीम’च्या लिनक्स आवृत्तीतील दोषही याच जातीचा: फोल्डरचा पत्ता ठेवणारे व्हेरिएबल रिकामे राहिले की पुसण्याची आज्ञा थेट मूळ निर्देशिकेपासून सुरू होई.

या दोन्ही दुर्घटनांचे मूळ इव्हॅलमध्ये नव्हते. पण इव्हॅल हा त्याच निष्काळजीपणाचा मुकुटमणी आहे. शेल प्रत्येक ओळ एकदा वाचते, व्हेरिएबलांची मूल्ये भरते, शब्द तोडते आणि आज्ञा चालवते. इव्हॅल त्या तयार मजकुराला पुन्हा पहिल्या पायरीवर नेऊन उभे करते. पहिल्या वाचनात जो निव्वळ विदा होता, तो दुसऱ्या वाचनात आज्ञा होऊ शकतो. ‘तापमान&दाब’ नावाची फाइल घ्या. तिचे नाव इव्हॅलमधून गेले की शेल ‘&’ पाशी ओळ तोडते: पहिली आज्ञा ‘तापमान’ या फाइलवर चालते आणि ‘दाब’ ही स्वतंत्र आज्ञा समजली जाते. ‘तापमान’ नावाची जुनी फाइल तिथे असेलच, तर आलेख निघतो, तो देखणाही दिसतो, आणि तो भलत्याच मोजमापांचा असतो. मूल्यात अर्धविरामानंतर पुसण्याची आज्ञा असेल, तर तीही इमानेइतबारे पाळली जाते.

‘स्क्रिप्ट आमच्याच प्रयोगशाळेत चालते, इथे हल्लेखोर कुठला?’ हा पहिला बचाव. वरच्या उदाहरणात हल्लेखोर नाहीच. आहे ते फक्त एक चिन्ह. शिवाय आजची अंतर्गत स्क्रिप्ट उद्या सर्वांसाठीच्या संकेतस्थळामागे जाऊन बसते. सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेला ‘शेलशॉक’ हा बॅशमधील दोष १९८९ पासून तसाच पडून होता. पर्यावरण-व्हेरिएबलमधील फलनाच्या व्याख्येमागे जोडलेला मजकूर बॅश आज्ञा म्हणून चालवत असे. विदा आणि आज्ञा यांतील कुंपण मोडले की काय होते, याचा हा धडा होता.

‘मग सारे पायथॉनमध्ये लिहा’ हा दुसरा बचाव. तोही लटका आहे. पायथॉनमधून शेलकडे एकसंध स्ट्रिंग सोपवली, तर तोच रोग नव्या घरात राहायला जातो. औषध भाषाबदलात नाही. औषध आहे मूल्ये सुटी सुटी पोचवण्यात.

‘इव्हॅलवाचून पर्यायांची हाताळणीच होत नाही’ हा तिसरा बचाव मात्र अंशतः खरा आहे. लिनक्सवरील सुधारित ‘गेटऑप्ट’ आपले उत्तर स्वतःच अवतरणांत बांधून देते आणि ते उलगडण्यासाठी इव्हॅल लागते. हा अपवाद सुरक्षित आहे, कारण बांधणी त्या साधनानेच केलेली असते. पण अपवादाच्या आडून नियम मोडायचा नसतो. एकाक्षरी पर्यायांसाठी शेलमध्येच ‘गेटऑप्ट्स’ आहे. लांब नावांसाठी साधे आवर्तन आणि ‘केस’ पुरते. माहीत असलेले नाव आले तर मूल्य नोंदवावे. अनोळखी आले तर चूक सांगून थांबावे. वापरकर्त्याने दिलेल्या नावाचे व्हेरिएबल इव्हॅलने घडवण्याची गरजच उरत नाही. आज्ञेचे तुकडे साठवायचे असतील तर बॅशमध्ये ॲरे आहेत.

उरलेली शिस्त एका पानात मावते. व्हेरिएबल अवतरणांत ठेवावे. सर्व आर्ग्युमेंट पुढे पाठवताना $* नव्हे, "$@" वापरावे. फाइलनावांआधी ‘--’ लिहावे. अन्यथा आडव्या रेघेने सुरू होणारे नाव पर्याय ठरते. पुसण्यापूर्वी पत्ता ‘:?’ ने तपासावा. व्हेरिएबल रिकामे असो वा अव्याख्यात, स्क्रिप्ट तिथेच थांबते. शेवटी ‘शेलचेक’ हे मोफत साधन चालवावे. गळलेली अवतरणे ते ओळीगणिक दाखवते.

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी स्क्रू-गेज हाती घेण्यापूर्वी शून्य त्रुटी पाहायला शिकतो. संगणनाच्या प्रयोगशाळेत ही सवय कोण लावणार? पीएचडीच्या अभ्यासक्रमात शेलचे चार तास नेमावेत, प्रबंधासोबत स्क्रिप्ट सादर करणे बंधनकारक व्हावे आणि महासंगणकावर वेळ देताना ती दुसऱ्या डोळ्यांखालून जावी. या मागण्यांना कोट्यवधींचा निधी लागत नाही. निधी लागतो तो पुसलेला विदा पुन्हा मोजायला. आणि एकदाच घडलेले निरीक्षण तर कोणत्याही निधीने परत येत नाही.