बागेला रूपक करताना

कर्करोगाच्या उपचारांतून बाहेर आलेल्या माणसाच्या अनुभवकथनात अलीकडे एक बाग हमखास भेटते. आधी पानगळ, मग उघडी फांदी आणि शेवटच्या प्रकरणात पालवी. केस गळणे व पुन्हा येणे यांच्याशी हा क्रम इतका सोयीने जुळतो की लेखकाला फारसे काही करावेच लागत नाही. दिवाळी अंकांपासून आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पलेखनापर्यंत हा साचा आता रुळला आहे. आमचा आक्षेप या साच्याला आहे, बागेला नाही.

सुसान सोन्टॅग यांनी 'इलनेस ॲज मेटाफर' हे पुस्तक 1978 साली, स्तनाच्या कर्करोगावर स्वतः उपचार घेतल्यानंतर लिहिले. आजारावर लादलेली युद्धाची भाषा रुग्णाच्याच माथी ओझे होऊन बसते, हा त्यांचा मुद्दा मराठीला आजही लागू आहे. 'झुंज अपयशी ठरली' असे आपण मृत्युवृत्तात सहज छापतो, म्हणजे गेलेल्या माणसाच्या पदरी जाता जाता एक पराभवही बांधतो. या भाषेचा उबग आला म्हणून पुष्कळजण बागेकडे वळले. बागेची भाषा सौम्य आहे. परंतु सौम्य आहे म्हणून ती निर्दोष ठरत नाही. पालवी फुटलीच पाहिजे, अशी तिचीही एक सक्ती आहे. ज्याला फुटली नाही त्याने काय म्हणावे?

आम्ही दोघी एकाच मराठी विभागात शिकवतो. आमच्यापैकी एकीवर 2022 साली स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झाले आणि त्या काळात तिच्या गच्चीतल्या 30 कुंड्या दुसरीने सांभाळल्या. पुढील मजकुरातील 'आम्ही' नेमकी कोणती, हे आम्ही वेगळे करणार नाही. ते वेगळे होत नाही, हेच थोडेफार सांगायचे आहे.

औषध दर 21 दिवसांनी दिले जाते. त्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी तळाला जातात. या दिवसांत माती प्रसन्न वगैरे काही राहत नाही. कुजणारा पालापाचोळा, शेणखत, गांडूळखत यांत बुरशीचे बीजाणू असतात. 'ॲस्परजिलस' नावाची बुरशी निरोगी फुफ्फुसाला सहसा काही करत नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला मात्र ती जिवावरची ठरू शकते. म्हणजे ज्या खतावर झाडे पोसायची, तेच माळणीला वर्ज्य. खत उकरणे, माती चाळणे, कुंडी बदलणे सगळे बंद. बाग दाराच्या जाळीतून बघायची. पेशी सावरल्यावर परवानगी मिळाली तीही हातमोजे आणि मुखपट्टी लावून. मातीचा स्पर्श माणसाला बरे करतो असे लिहिणाऱ्यांनी रबरी मोज्यांबद्दल लिहिलेले निदान आमच्या वाचनात नाही.

काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज धरण्याची शक्यता पुढेही राहते. गुलाबाचा काटा, खुरप्याचा ओरखडा यांतून जंतुसंसर्ग झाला तर ती सूज वाढते. अशा हाताने वजन उचलूच नये असे पूर्वी सरसकट सांगत; 2009 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने, हळूहळू आणि देखरेखीखाली वाढवलेल्या वजनाने सूज बळावत नाही, असे दाखवले. तरीही भरलेली झारी कोणत्या हाताने उचलायची, हा विचार झाल्याखेरीज आमच्या गच्चीवर अजून पाणी पडत नाही. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाने बोटांची टोके बधिर होतात. मेथीचे दाणे चिमटीत आले की नाही हे कळत नाही, डोळ्यांनी पाहावे लागते. आणि गंध! 'मोगरा' म्हटले की आमच्या विषयाच्या माणसाला ज्ञानदेव आठवणारच. पण त्या उन्हाळ्यात मोगऱ्याच्या वासाने पोटात ढवळत होते. अखेर दोन्ही कुंड्या शेजारच्या गच्चीत पाठवल्या. साच्यातल्या बागेत मोगरा असा नकोसा होत नाही.

भाषेच्या शिक्षकांना त्या काळात खरा अडवणारा शब्द होता तो 'वाढ'. बागेत वाढ खुंटली की आपण काळजीत पडतो; रुग्णालयात वाढ थांबली की आनंदाने घरी फोन करतो. एकाच दिवशी सकाळी कढीपत्त्याची वाढ होत नाही म्हणून खंत आणि दुपारी अहवालात वाढ नाही म्हणून सुटका. पेशीची वाढ जेव्हा कोणाचेच ऐकत नाही, तेव्हा तिलाच कर्करोग म्हणतात. हे ठाऊक असताना 'वाढ म्हणजे जीवन' या समीकरणावर आख्खे आत्मकथन कसे उभे करावे? बागकाम करणाऱ्याला हे आधीपासून माहीत असते. त्याचा निम्मा वेळ खुडण्यात, छाटण्यात आणि तण उपटण्यातच जातो.

सदाफुलीचे उदाहरण आणखी बोलके आहे. मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्याकडे कुठल्याही अंगणात, न लावताही उगवते. 1950च्या दशकात कॅनडामध्ये मधुमेहावरचा उपाय म्हणून तिची तपासणी चालू असताना, तिच्या अर्काने पांढऱ्या पेशी घटतात असे रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांच्या लक्षात आले. त्यातून व्हिनब्लास्टिन हे औषध हाती आले. याच झाडातले व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरतात. ही माहिती अर्धवट पसरल्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक दुसरा माणूस 'रोज चार पाने चावून खा' असे सांगून जातो. एक ग्रॅम औषधासाठी वाळलेली पाने शेकडो किलो लागतात आणि पाने तशीच खाणे विषारी आहे, हे ऐकायला त्याला वेळ नसतो. त्यालाही बाग औषधासारखी हवी असते, लेखकाला अर्थासारखी हवी असते. दोघांची हाव सारखीच.

आपल्या परंपरेत याहून वेगळी दृष्टी आहे. अरणच्या सावता माळ्याने मळ्याला कशाची तरी उपमा म्हणून वापरले नाही. त्याला भाजीच्या वाफ्यातच विठ्ठल दिसला. म्हणजे वाफा ओलांडून पलीकडे कुठे जायचे राहिले नाही. खुरपणी हीच भक्ती असेल तर ती खुरपणी नीट व्हावी लागते. वर्गात सावता शिकवताना आपण 'प्रतीक' हा शब्द जरा घाईनेच फळ्यावर लिहितो, असे आता वाटते.

शिवाय साच्यातल्या बागेला एक घर लागते, हे आपण विसरतो. परळच्या टाटा रुग्णालयात 1941 सालापासून देशभरातून रुग्ण येतात. त्यांपैकी कित्येकजण महिनोन्‌महिने धर्मशाळांत, कधी पदपथावर राहून उपचार घेतात. स्वतःची शेती गावी कोणाच्या तरी हवाली करून आलेला शेतकरी त्यांत असतो. त्याच्या पिकाचे काय झाले, यावर कोणी लिहीत नाही, कारण तिथे पालवी नाही. उसनवारी आहे, भाऊबंदकी आहे, हुकलेला पेरा आहे. गच्चीवरच्या आमच्या 30 कुंड्या त्यापुढे चैनच म्हणायची.

मेथी पेरल्यापासून तीन-चार आठवड्यांत काढायला येते. एका औषधफेरीला साधारण एक वाफा. सहा फेऱ्यांत पाच वेळा काढली, एकदा नुसतीच वाळली. त्या आठवड्यात दुसरीच्या घरी लग्न होते. आम्ही वाचलेल्या अनुभवकथनांत मात्र रुग्ण बागेत कायम एकटा असतो. मधले आठ दिवस तो तापाने अंथरुणाला खिळतो आणि उठतो तेव्हा झाडे हिरवीगार असतात. पुढच्या सत्रात आत्मकथनाच्या तासिकेला विद्यार्थ्यांना या मजकुराबद्दल एवढेच विचारायचे ठरवले आहे: त्या आठ दिवसांत पाणी कोणी घातले?