'पोचलो' हे वाक्य आहे, 'रीच्ड' नाही



पीएसएलईच्या इंग्लिश पेपर दोनमधला 'सिंथेसिस अँड ट्रान्सफॉर्मेशन' तुमच्याही घरात रोज भांडणं लावतोय का? प्रश्न पाच, मार्क दहा. दोन वाक्यं द्यायची, एखादा शब्द द्यायचा आणि अर्थ न बदलता त्यांचं एक वाक्य करायला सांगायचं. पोरं अडली की पालकांच्या ग्रुपवर ठरलेला सल्ला येतो, "घरी मराठी बंद करा, इंग्लिशच बोला."

मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. इथल्या शाळेत मातृभाषा म्हणून तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येते. मराठी नाही. म्हणजे घरात थांबली की थांबलीच. आणि गंमत अशी की हा दहा मार्कांचा गुंता सोडवायला मराठीच उपयोगी पडते.

माझा मुलगा पी-सिक्सला आहे. फ्रेज, क्लॉज, सेंटेन्स यांच्या व्याख्या त्याला तोंडपाठ. फ्रेजमध्ये कर्ता-क्रियापदाची जोडी नसते, क्लॉजमध्ये असते, वगैरे. तरी 'बिकॉज इट वॉज रेनिंग' लिहून पुढे बिनधास्त फुलस्टॉप! कर्ता आहे, क्रियापद आहे, मग चुकलं काय? मी म्हटलं, हेच मराठीत म्हण. "पाऊस पडत होता म्हणून..." आणि थांबला. मी विचारलं, "म्हणून काय?" हसायलाच लागला. आपल्या शाळेत याला गौण वाक्य म्हणायचे. प्रधान वाक्याचा हात धरल्याशिवाय ते उभं राहत नाही.

आता जिथे मराठी आणि इंग्लिशच्या वाटा वेगळ्या होतात तिथे खरी मजा आहे. 'पोचलो' हा एका शब्दाचा मेसेज पूर्ण वाक्य आहे, कारण कोण पोचलं ते त्या 'लो'मध्येच आहे. इंग्लिश क्रियापद हे सांगत नाही, म्हणून 'आय' लागतोच. त्यात इथले मित्र 'रीच्ड ऑलरेडी' म्हणतात, म्हणजे पोराला दोन्हीकडून पाठिंबा! बोलताना खुशाल म्हणू दे, पेपरात नको.

दुसरी जागा जास्त फसवी. "घरी चालत येताना पाऊस सुरू झाला." चोख मराठी. पण 'वॉकिंग होम, द रेन स्टार्टेड' लिहिलं की इंग्लिशमध्ये पाऊसच चालत घरी निघतो. सुरुवातीला असा 'इंग'वाला तुकडा आला की तो मुख्य वाक्याच्या कर्त्याला जाऊन चिकटतो. आपल्या '-ताना'ला हे बंधन नाही, '-ऊन'ला मात्र बरंचसं आहे. "गृहपाठ संपवून तो खाली गेला" बरोबर, "गृहपाठ संपवून पाऊस आला" हास्यास्पद. म्हणून आमच्याकडे आता नियम आहे: 'इंग'ने सुरुवात केलीस की '-ऊन' लावून बघ. विचित्र वाटलं तर पूर्ण क्लॉज कर, 'व्हाइल आय वॉज वॉकिंग होम'. ("पाऊस पडून रस्ते ओले झाले" असे अपवाद आहेत, ठाऊक आहे. बारा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं.)

यात नवीन काही नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन मराठीतूनच इंग्लिश पक्कं केलं. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा इंग्लिश व्याकरणाचा साचा समोर ठेवला होता. त्यामुळे आपली शाळेतली मिश्र वाक्यं, संयुक्त वाक्यं त्या क्लॉजच्या जवळच्या नात्यातली आहेत. ट्यूशनला जरूर पाठवा, आम्हीही पाठवतो. पण तिथे सगळ्या मुलांना एकच वर्कशीट मिळतं. मराठी मुलाची चूक मराठीतून कशी आली, हे तिथे कोण सांगणार?

एक उदाहरण देऊन थांबते. 'द बॉय हू केम यस्टरडे ही इज माय फ्रेंड.' यातला जास्तीचा 'ही' कुठून आला? "जो मुलगा काल आला होता, तो माझा मित्र आहे." आपला 'तो' आहे तो! इंग्लिशमध्ये 'जो' वाक्याच्या मध्ये जाऊन बसतो आणि 'तो' गायब होतो. मुलाला हे दाखवलं तर त्याने स्वतःच लाल पेन घेऊन जुन्या वहीतले असे चार 'ही' खोडले. आज तुमच्याकडची वही उघडून बघा, किती सापडतात ते मला कळवा.