लाखभर वस्तीचा संघ

रग्बी लीग हा तेरा गड्यांचा खेळ. ऑस्ट्रेलियातल्या क्लबांना खेळाडूंच्या एकूण पगारावर सारखीच मर्यादा असते. धनवंताने सगळेच मोहरे विकत घेऊ नयेत म्हणून. मेलबर्न स्टॉर्मने चोरून जादा पैसे चारले, तर २०१० साली त्यांची २००७ व २००९ ची अजिंक्यपदे काढून घेतली. (आमचे परीक्षक इतके कडक नसतात!) देशांना मात्र ही वेसण कोण घालणार? पॅसिफिकमधल्या लाखभर वस्तीच्या टोंगाने ऑस्ट्रेलियाशी झुंजावे कसे? पण २०१७ साली न्यूझीलंडचा भरवशाचा गडी जेसन टाउमालोलो आपल्या पूर्वजांच्या टोंगाकडे गेला. वाचकहो, याला पक्षांतर म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ. मला त्यात न्यायच दिसतो. २०१९ मध्ये टोंगाने ऑस्ट्रेलियाला १६-१२ असे हरवले.