वेदी आणि वेठ

झांझिबारचे अँग्लो-कॅथलिक बिशप फ्रँक वेस्टन यांच्याविषयी दोन प्रकारचे लोक लिहितात आणि दोघेही त्यांना अर्धेच ठेवतात. एकांना धूप, वेदी आणि पवित्र साक्रामेंताची आराधना तेवढी दिसते. दुसऱ्यांना गोऱ्या मळेवाल्यांशी झुंजणारा समाजसेवक दिसतो. आराधना ही त्यांना त्याची जुनाट सवय वाटते. माझा आक्षेप या दुसऱ्यांवर अधिक आहे, कारण सुशिक्षितांत त्यांचीच प्रतिष्ठा मोठी.

वस्तुस्थिती काय आहे? १८९८ साली हा ऑक्सफर्डचा पदवीधर झांझिबारला गेला आणि १९०८ मध्ये तेथील बिशप झाला. त्यांचे कॅथीड्रल जुन्या गुलामबाजाराच्या जागेवर उभे होते; तो बाजार १८७३ साली बंद झाला. देवपुत्राने मानवी मर्यादा नुसत्या पांघरल्या नाहीत, खरोखर पत्करल्या, असा त्यांच्या १९०७ च्या ‘द वन क्राइस्ट’ या ग्रंथाचा गाभा आहे. मानवदेहाची विटंबना त्यांना का सोसवत नसे, याचे उत्तर तेथे आहे.

१९१३ च्या किकुयू परिषदेत इतर पंथीयांसह प्रभुभोजन झाले, म्हणून त्यांनी मोंबासा व युगांडाच्या बिशपांवर पाखंडाचा आरोप केला. माझ्या मते तो गरजेपेक्षा कठोर होता. परंतु १९१९ मध्ये, आज ज्याला आपण केनिया म्हणतो त्या ब्रिटिश मुलखात, आफ्रिकी लोकांना मळ्यांवर राबवण्यासाठी सरकारी दडपण सुरू झाले, तेव्हा याच दोन धर्मप्रांतांच्या बिशपांनी काही अटींवर सक्ती चालवून घेतली. वेस्टन यांनी घेतली नाही. ‘द सर्फ्स ऑफ ग्रेट ब्रिटन’ हे १९२० चे पत्रक लिहून त्यांनी सरकारला या वेठीबद्दल जाब विचारला. धर्मसिद्धांतात सैल असणारा गरिबांविषयी उदार असतो, हे आपले लाडके समीकरण येथे साफ कोसळते.

मग १९२३ साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी आपल्याच पक्षाला सुनावले: वेदीवर येशूची आराधना करणाऱ्यांनी तोच येशू गलिच्छ वस्त्यांत, उघड्यावाघड्यांत आणि पिळल्या जाणाऱ्या मजुरांत शोधलाच पाहिजे. त्यांनी आराधना कमी करा म्हटले नाही. आधी वेदीसाठी झगडा, मग तेथून उठून बाहेर चला, असा तो आदेश होता. पुढच्याच वर्षी, २ नोव्हेंबरला, ते आफ्रिकेतच वारले.

आपल्या धर्मग्रामात आराधनेची रात्र की सेवाकार्य, असा वाद अजून रंगतो. दोन्ही बाजूंनी आधी एक हिशेब मांडावा: त्या रात्रीनंतर देऊळ झाडणाऱ्या बाईला आपण मजुरी किती देतो?