विश्लेषण : करोनामुळे स्वादुपिंडाला सूज येते का? पोटदुखी आणि साखरेकडे दुर्लक्ष का नको?

करोना म्हटले की ऑक्सिजनची पातळी आणि छातीचा सीटी स्कॅन आठवतो. मात्र हा विषाणू फुप्फुसापुरता थांबत नाही. काही रुग्णांमध्ये त्याचा परिणाम स्वादुपिंडावरही होतो. असे रुग्ण थोडे असले, तरी त्यांच्या जिवाला असलेला धोका मोठा आहे.

स्वादुपिंडाचे काम काय?

जठराच्या मागे आडवी असलेली ही ग्रंथी दोन कामे करते. अन्न पचवणारी अॅमिलेज, लायपेज यांसारखी विकरे ती आतड्यात सोडते आणि साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन रक्तात सोडते. विकरे आतड्यात पोहोचण्याआधी ग्रंथीतच सक्रिय झाली, तर ती स्वतःलाच पचवू लागते. यालाच तीव्र स्वादुपिंडदाह किंवा पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. इन्सुलिनचे काम बिघडले, तर मधुमेह होतो.

विषाणूचा संबंध कसा?

करोना विषाणू पेशीत शिरण्यासाठी एसीई-२ या प्रथिनाचा आधार घेतो. हे प्रथिन स्वादुपिंडाच्या पेशींवरही आढळते. याशिवाय शरीरभर पसरलेला दाह, कमी झालेला रक्तपुरवठा आणि उपचारातील औषधे यांचाही ताण ग्रंथीवर येतो. यात कोणाचा वाटा किती, यावर संशोधकांचे अद्याप एकमत नाही.

विकरे वाढली म्हणजे आजार झाला?

नाही. साथीच्या सुरुवातीला वुहानमधील ५२ रुग्णांच्या अभ्यासात ९ जणांच्या रक्तात ही विकरे वाढलेली आढळली आणि चिंता पसरली. पण स्वादुपिंडदाहाच्या निदानासाठी तीनपैकी दोन निकष पूर्ण व्हावे लागतात : पोटात विशिष्ट प्रकारची वेदना, विकरांची पातळी तिपटीहून अधिक आणि स्कॅनमध्ये दिसणारी सूज. हे निकष लावल्यावर चित्र बदलते. न्यूयॉर्कमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या ११,८८३ करोनाबाधितांपैकी केवळ ३२ जणांना हा आजार असल्याचे आढळले. म्हणजे हजारात जेमतेम तीन.

मग काळजी कशाची?

दोन्ही आजार एकत्र आल्यास काय होते, याची. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोविडपॅन’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्वादुपिंडदाहाचे १,७७७ रुग्ण होते. त्यातील १४९ करोनाबाधित होते. ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण बाधितांमध्ये १४.७ टक्के, तर इतरांमध्ये २.६ टक्के होते. बाधित रुग्ण वयाने मोठे होते, हेही लक्षात घ्यायला हवे. इतर घटकांचा हिशेब केल्यावर ही दरी कमी झाली, पण मिटली नाही.

साखरेचे काय?

अमेरिकेतील १,८१,२८० माजी सैनिकांच्या पाहणीत करोनानंतरच्या वर्षभरात मधुमेहाचा धोका सुमारे ४० टक्के अधिक आढळला. प्रत्यक्षात हे हजारामागे साधारण १३ जादा रुग्ण होतात. पाहणीतील बहुतांश व्यक्ती वयस्क पुरुष होत्या, त्यामुळे हाच आकडा सर्वांना जसाच्या तसा लागू होणार नाही. त्यात गंभीर रुग्णांना जीव वाचवण्यासाठी दिलेली स्टिरॉइडही साखर वाढवतात. अनियंत्रित साखरेची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने २०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसच्या रूपाने पाहिले आहे.

रुग्णांनी काय करावे?

पोटाच्या वरच्या भागात अचानक तीव्र कळ येऊन ती पाठीकडे जात असेल, सोबत वारंवार उलट्या होत असतील, तर अॅसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहू नये. तातडीने रुग्णालय गाठावे. पित्ताशयातील खडे आणि मद्यपान ही या आजाराची प्रमुख कारणे आजही कायम आहेत. त्यामुळे प्रत्येक दुखण्याचे खापर करोनावर फोडून ती तपासायची राहू नयेत.

करोनातून बरे झाल्यावर, विशेषतः स्टिरॉइड घेतले असल्यास, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासावी. फार तहान, वारंवार लघवी किंवा कारण नसताना वजन घटणे ही लक्षणे दिसल्यास थांबू नये.

ही तपासणी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणीही होते. ती कधी करायची, हे रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावरच लिहून द्यायला हवे. त्या एका ओळीने रुग्णालयाचा खर्च वाढणार नाही. मधुमेह मात्र वेळेत सापडेल.