कालव्यावरची मरळ
अमेरिकेत मायामीच्या कालव्यांत बेसुमार वाढलेल्या तिलापियाला आवर घालायला तिथल्या सरकारने १९८४ साली दक्षिण अमेरिकेतला पीकॉक बास आणून सोडला आणि गळवाल्यांची चंगळ झाली. त्याच गोतातली चिलापी १९५२ मध्ये भारतात आली आणि पुढे कृष्णेतही माजली. पण तिला खाणारी मरळ इथली मूळचीच. कऱ्हाडजवळच्या खोडशी बंधाऱ्यातून निघून सांगली जिल्ह्यात उतरणाऱ्या कृष्णा कालव्यावर तिचा माग काढायचा, तर आवर्तन सुटल्यावर धावण्यात अर्थ नाही. पाणी बंद झालं की मोरीखाली, कडेच्या गवतालगत डबकी उरतात, तिथं बघावं. मरळ हवा घ्यायला वर येते. तेवढ्या एका बुडबुड्यावर मुरलेला गळवाला जागा हेरतो. गळाला लहान बेडूक लावून तो पाण्यावरून हलकेच ओढायचा, आणि तिनं झडप घातली तरी लगेच हिसका द्यायचा नाही! दोरी ताणून ती चालू लागेपर्यंत थांबायचं. नवखे नेमके इथंच फसतात. चिलापीला काय, कणकेची गोळीही पुरते. त्यात शिकार कसली? पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा पुंजका पाण्यावर फिरताना दिसला, की खाली आईबाप पहाऱ्यावर असतात आणि चिडून कशावरही झेपावतात. काहीजण हीच वेळ साधतात. मला ते मुळीच पटत नाही. राखणदार गेले की पिल्लं आयतीच दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात, आणि त्यात चिलापीही आलीच.