कागदावरचा हक्क आणि तारेवरचा कान

महाडच्या चवदार तळ्याची कथा आपल्या कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. परंतु तिच्यातील तारखा अधूनमधून पुन्हा वाचाव्यात. मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांस खुले केले. तरीही अस्पृश्यांच्या ओंजळीत ते पाणी येण्यास २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल तर १९३७ मध्ये लागला.

खासगीपणाच्या हक्काचे आज असेच झाले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो मूलभूत हक्क ठरविला. खासगीपणा ही सुखवस्तूंची चैन आहे, हा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. (पोलादपूरच्या वाडीवरील म्हातारी मुंबईतील मुलाशी फोनवर जे बोलते ते तिचे स्वतःचे असते, हे कळण्यास खरे तर नऊ न्यायाधीश लागू नयेत.)

ठराव झाला, तळे खुले झाले काय? फोन चोरून ऐकण्याचा अधिकार सरकारला १८८५ च्या तार कायद्याने होता. आता तो २०२३ च्या दूरसंचार कायद्याने आहे. राज्यात आदेश देतात गृहसचिव आणि तो योग्य होता की नाही हे तपासते मुख्य सचिवांची समिती. म्हणजे आरोपी, वकील आणि न्यायाधीश एकाच मंत्रालयात! ज्याच्यावर पाळत आहे त्याला ती कळविण्याची तरतूद नाही; मग त्याने दाद मागावी कशी? ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचखोरीच्या प्रकरणातील असे तीन आदेश बेकायदा ठरवून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. पण तेथे खटला उभा राहिला म्हणून आदेश उजेडात तरी आले.

मी अर्थशास्त्राचा शिक्षक. मला यात खर्चाचा प्रश्न दिसतो. आणीबाणीत मी शाळेत होतो. ‘मिसा’खाली तुरुंगात असलेल्या काकांची पत्रे तपासणीचा शिक्का घेऊन उशिरा येत. प्रत्येक पत्र वाचण्यास एक माणूस बसवावा लागे, त्याला पगार द्यावा लागे. सरकारच्या जिज्ञासेला लगाम होता तो बहुधा तिजोरीचा. आता यंत्र ऐकते, साठविते, निवडते. आणखी एका नागरिकावर नजर ठेवण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. खर्चाने घातलेली मर्यादा संपली, तेव्हा ती कायद्याने घालावयास हवी होती. तशी संधी संसदेस २०२३ मध्ये होती. ‘पीयूसीएल’च्या याचिकेवर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही बंधने घातली, पण न्यायाधीशाची पूर्वपरवानगी सक्तीची केली नाही. संसदेनेही ती केली नाही.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत संघटना बांधू पाहणारा एक तरुण कामगार मला परवा म्हणाला, “सर, फोनवर नको, भेटूनच बोलू.” त्याचा फोन कदाचित कोणीही ऐकत नसेल. पण ते जाणून घेण्याचा मार्ग त्याच्यापाशी नाही आणि भीतीला तेवढे पुरते. आदेशापूर्वी न्यायाधीशाची परवानगी आणि पाळत संपल्यावर त्या नागरिकास लेखी सूचना, या दोन मागण्या आपल्या जाहीरनाम्यात अद्याप नाहीत. येत्या २० मार्चला कार्यकर्ते महाडला जमतील, तेव्हा त्या मांडाव्यात.